अभंगाच्या शेजारी आमचं रॉक

गाणं स्पॉटिफायवर चढवायला आता कुणाची शिफारस लागत नाही. गाणी ॲपांपर्यंत पोचवणाऱ्या एखाद्या कंपनीच्या, म्हणजे वितरकाच्या, साइटवर खातं उघडायचं, वर्षाचे पैसे भरायचे, फाइल टाकायची. थोड्या दिवसांत तेच गाणं स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, यूट्यूब म्युझिक असं सगळीकडे दिसायला लागतं. अडचण एवढीच की हे इतकं सोपं झालंय, म्हणून सगळेच करतात. ल्युमिनेट ही कंपनी जगभरच्या स्ट्रीमिंगची मोजदाद ठेवते. तिच्या हिशेबात २०२३ च्या अखेरीला स्ट्रीमिंगवर १८ कोटी ४० लाख गाणी होती आणि त्यातली ४ कोटी ५६ लाख त्या वर्षात कुणी एकदाही वाजवली नव्हती. आमचं पहिलं गाणं त्या ढिगात जाणार नाही याची आम्हाला खात्री होती, कारण चौघांचंही गणगोत मोठं. पुढचा सगळा घोळ त्या गणगोतानेच घातला. घोळ म्हणायचा की उपकार, यावर अजून आमचं एकमत नाही.

आमचा बँड बेळगावचा. मी वडगावचा, गिटार वाजवतो नि गातो. ड्रमर कॅम्पातला, घरी कोकणी. बेसवाला खानापूरकडचा. दुसरा गिटारवाला शहापूरचा, त्याच्या घरी कन्नड, आणि आमच्या चौघांत शुद्ध मराठी कुणी बोलत असेल तर तोच. बाहेरच्यांना बेळगाव आणि रॉक हे जरा विजोड वाटतं. सुळेभावी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तिथे १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. धारवाड, हुबळी, गदग याच पट्ट्यात. त्यामुळे आमच्याकडे गाणं म्हटलं की म्हातारी माणसं आधी तंबोरा कुठाय विचारतात. पण कॅम्पात गिटारी पूर्वीपासून होत्या, कॉलेजच्या फेस्टमध्ये बँडच्या स्पर्धा असायच्या, आणि स्पॉटिफाय भारतात आलं २७ फेब्रुवारी २०१९ ला, महिना ११९ रुपयांत. तेव्हापासून आर्क्टिक मंकीज काय, टेम इम्पाला काय, दिल्लीचा द लोकल ट्रेन काय, सगळे बँड आमच्या कानात एका रांगेत बसले. पूर्वी कुणाच्या तरी मोठ्या भावाकडे कॅसेट असेल तर ऐकायला मिळायचं. आता भाऊ नसला तरी चालतं.

रेकॉर्डिंग माझ्या खोलीत. वडगावात ज्यांनी राहून पाहिलंय त्यांना कळेल मी काय म्हणतो ते. आमच्या भिंतीला लागून पॉवरलूम आहेत. सकाळी सुरू झाले की धोट्याचं ते खट्टाक-खट्टाक रात्रीपर्यंत. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, त्यातच झोपतो. पण कंडेन्सर माइक लावला की त्याला तेच आधी ऐकू येतं. गाद्या लावून झाल्या, रजया टांगून झाल्या. मग बेसवाल्याच्या डोक्यात आलं की लाईट गेली की माग बंद पडतात. लॅपटॉपला बॅटरी आहे, ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालतो आणि माइकला लागणारे ४८ व्होल्टही तोच देतो. म्हणजे लाईट गेली तरी आमचं काम अडत नाही, अडतं फक्त शेजाऱ्यांचं.

तेव्हापासून आम्ही लाईट जायची वाट बघणारी वडगावातली एकमेव मंडळी. दुपारी लाईट गेली की माग एकदम थांबत नाहीत, ओढ असते तेवढे दोनचार खटके टाकून मंदावतात. ते पुरते थांबले की मी हेडफोन कानाला लावायचो, आई पंख्याविना घामाघूम होऊन दारात बसलेली असायची आणि मी आत गात असायचो. बॅटरी वीस टक्क्यांवर यायच्या आत एखादं कडवं नीट पदरात पडावं, एवढीच धडपड. गिटारसुद्धा अँपशिवाय थेट इंटरफेसमध्ये घातली, तिचा कर्कशपणा नंतर सॉफ्टवेअरमध्ये आणला. ड्रम तेवढे कॅम्पातल्या एका हॉलमध्ये रविवारी रेकॉर्ड केले. एका कडव्याच्या शेवटी लाईट आली आणि पहिला माग सुरू झाला, तो खटका गाण्यात तसाच राहिलाय. ड्रमरला तो नेमका ठेक्यात वाटतो. मला नाही वाटत, पण त्याचं मत ग्राह्य धरलं.

मिक्सिंगचं फार सांगत नाही. एकच गोष्ट कळली की आवाज उगाच चढवण्यात अर्थ नाही, कारण स्पॉटिफाय सगळी गाणी मूळ सेटिंगमध्ये उणे १४ लफ्सच्या (लफ्स म्हणजे आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) आसपास आणून ठेवतं. तुम्ही कितीही ओरडलात तरी तुमचा आवाज ते खाली घेतं. आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याला हे पटायला वेळ लागला.

मग फॉर्म. इथे खरा कस लागतो. कव्हरचं चित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. गाण्याला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक, तो वितरकच देतो आणि एकदा दिला की त्या रेकॉर्डिंगला तोच कायम चिकटतो. गीतकार, संगीतकार यांची पूर्ण नावं. गाण्याची भाषा कोणती, तो रकाना. आम्ही कव्हरवर नाव देवनागरीत लिहिलं होतं आणि फॉर्ममध्ये रोमनमध्ये. वितरकाने परत पाठवलं: चित्रावरचं नाव नि फॉर्ममधलं नाव जुळत नाही. दोन्ही एकच आहे असं कळवलं, तर तीच ठरावीक ओळ पुन्हा आली. पलीकडे माणूस होता की नुसतंच यंत्र, देव जाणे. शेवटी चित्रावरून नावच काढून टाकलं. नुसता संध्याकाळचा रेल्वे गेट राहिला. चांगला दिसतो, खरं तर आधीपेक्षा चांगला.

गाणं बाहेर पडायच्या किमान सात दिवस आधी स्पॉटिफायच्या संपादकांकडे अर्ज करता येतो. प्रकार कोणता, वाद्यं कोणती, मूड कसा हे निवडायचं आणि ५०० अक्षरांत गाण्याविषयी सांगायचं. संपादकांनी घेतलं नाही तरी वेळेत अर्ज केला की तुमच्या फॉलोअरांच्या 'रिलीज रडार' या नव्या गाण्यांच्या यादीत ते गाणं जातं. प्रकारात आम्ही इंडी रॉक निवडलं, म्हणजे मोठ्या कंपनीविना आपल्या बळावर केलेलं रॉक. ५०० अक्षरं बेसवाल्याने लिहिली, कारण गाणंही त्यानेच लिहिलंय. त्याची आजी जात्यावर ओव्या म्हणायची, त्याच चालीवर त्याने खानापूरहून संध्याकाळच्या बसने येणाऱ्या पोराचं गाणं केलं. सुरुवात अगदी संथ. गिटारच्या दोन तारा मोकळ्या ठेवून नुसत्या छेडत राहायच्या, ड्रम बऱ्याच उशिरा येतात आणि आले की मग काही ठेवत नाहीत. संपादकांनी घेतलं नाही, आणि इतक्या अर्जांच्या गर्दीत घेतील असं वाटतही नव्हतं.

सुरुवातीवरून मात्र आमच्यात भांडण झालं होतं. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तरच ते एक स्ट्रीम धरलं जातं. त्याआधी कुणी पुढे गेलं की हिशेबात शून्य. आमचं गाणं तीस सेकंदांपर्यंत गळा साफ केल्यासारखंच चालू असतं. दुसरा गिटारवाला म्हणाला, "काप बे ते, डायरेक्ट गाणंच सुरू कर." बेसवाला म्हणाला, "कापूलैस तर मी नाव काढून घेतो." नाही कापलं. बरं झालं नाही कापलं, असं मी आज म्हणतो. त्याला कारण आहे.

गाणं शुक्रवारी आलं. जगभर नवीन गाणी शुक्रवारीच येतात. आम्ही लिंक व्हॉट्सॲपवर टाकली: चारही घरांचे ग्रुप, गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, ड्रमरच्या चर्चचा ग्रुप. माझ्या धाकट्या मावशीने तर मोहीमच काढली. ती खासबागेत राहते, भजनी मंडळात आहे. तिने मंडळातल्या झाडून सगळ्या बायकांना ॲप घालायला लावलं, गाणं लावून दिलं आणि फोन देवघराशेजारी ठेवून "वाजत राहू दे, पोराचं आहे," असं सांगितलं. स्वयंपाक होईस्तोवर आम्ही वाजत होतो. आम्ही संपलो की त्या बायका नेहमीचं लावायच्या. म्हणजे भीमसेन जोशींचे अभंग.

आकडा वर चढला तेव्हा आम्ही खूश. मग आमच्या पानावर 'ऐकणाऱ्यांना हेही आवडतं' हा कप्पा उघडला. आर्क्टिक मंकीज येणार नाहीत हे ठाऊक होतं. लोकल ट्रेन येईल अशी आशा होती. आले ते एकापाठोपाठ एक अभंग गाणारे. पहिल्या रांगेत सगळे तेच. ड्रमर खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

ते कसं होतं ते नंतर उलगडलं. हा कप्पा भरताना मुख्य आधार असतो तो कोण माणूस काय-काय ऐकतो याचा. तुम्ही फॉर्ममध्ये इंडी रॉक लिहा नाहीतर आणखी काही. आमचं गाणं ऐकणाऱ्यांनी त्याच फोनवर आणखी काय ऐकलं, हे यंत्र बघतं आणि त्या गल्लीत तुम्हाला घर देतं. आमचे पहिले ऐकणारे खासबागेचं भजनी मंडळ, म्हणून आमचं घर अभंगाच्या आळीत. मग एखाद्याचा अभंग संपला आणि त्याने फोनला हात लावला नाही की ऑटोप्लेवर कधीमधी आम्ही वाजणार.

इंडी रॉकच्या बाबतीत हे नवं नाही, आणि आमच्यापेक्षा फार मोठ्या लोकांचं असं झालंय. पेव्हमेंट हा कॅलिफोर्नियाचा बँड, नव्वदच्या दशकात इंडी रॉकवाल्यांचं दैवत. १९९९ मध्ये ते फुटले. त्यांचं स्पॉटिफायवरचं सर्वात जास्त ऐकलं गेलेलं गाणं कोणतं, तर 'हार्नेस युअर होप्स', जे अल्बममध्ये घेतलंच नव्हतं. १९९९ च्या एका छोट्या रेकॉर्डवर ते उरलंसुरलं म्हणून आलं होतं. रेडिओवर वाजलेली त्यांची गाणी मागे राहिली नि हे पुढे गेलं. गॅलक्सी ५०० या बँडचा ड्रमर डेमन क्रुकोव्स्की याने असंच कोडं सोडवायचा प्रयत्न केला होता. त्यांचं 'स्ट्रेंज' हे १९८९ च्या अल्बममधलं गाणं, सिंगल म्हणून कधी काढलेलं नाही, आणि ते एकाएकी त्यांच्या बाकी गाण्यांच्या पुढे गेलं. तारखा लावून पाहिल्यावर ती उडी जानेवारी २०१७ मध्ये निघाली, म्हणजे स्पॉटिफायने गाणं संपलं की आपोआप पुढचं लावायची सोय सगळ्यांना सुरू केली तेव्हाची. निष्कर्ष असा की त्या बँडच्या सगळ्या गाण्यांत तेच गाणं इतरांच्या गाण्यांसारखं होतं, म्हणून ते कुणाच्याही मागून खपून जायचं.

हे वाचल्यावर माझा एक भ्रम गेला. आर्क्टिक मंकीज लोकप्रिय आहेत म्हणजे लोकांनी त्यांना शोधून-निवडून घेतलंय, असं मी धरून चाललो होतो. मोठा भाग तसा असेलही. पण बराचसा भाग असा की कुणीतरी दुसरंच काही लावून भांडी घासत होतं आणि ते संपल्यावर हे आपोआप सुरू झालं, नि बंद करायला हात ओले होते.

तर आम्ही अभंगाच्या आळीत राहायला गेलो. स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या ॲपमध्ये ऐकणारे कुठून आले ते दिसतं: स्वतःच्या यादीतून, दुसऱ्याच्या प्लेलिस्टमधून, रेडिओ नि ऑटोप्लेमधून. ऑटोप्लेचा रकाना हळूहळू भरायला लागला. त्यातले बरेच जण ड्रम सुरू झाल्यावर पळत असणार असा आमचा अंदाज. पण ड्रम येतात तीस सेकंदांच्या बरेच नंतर. तोवर मोकळ्या तारा, संथ ओवी, एक माणूस गातोय. अभंग ऐकणाऱ्याला त्यात खटकण्यासारखं काही नाही. मोजणी होऊन जाते. बेसवाला तेव्हापासून ताठ मानेने हिंडतो. गाणं सेव्ह करणाऱ्यांची संख्याही वाढली, आणि ती काही मावशीच्या मंडळाची नव्हे, कारण त्यांना सेव्ह करता येत नाही. सोलापूरकडच्या एका गृहस्थांनी इन्स्टाग्रामवर निरोप पाठवला की गाणं भावलं, फक्त मागून जे करकरतं ते पुढच्या वेळी कमी करावं. करकरणारा म्हणजे आमचा दुसरा गिटारवाला. त्याने तो निरोप स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, राग म्हणून की अभिमान म्हणून ते सांगत नाही.

माझं म्हणाल तर मला ती आळी परकी नाही वाटली. भीमसेनजी गदगचे, पुण्यात राहून त्यांनी मराठी संतवाणी गायली आणि कन्नड दासवाणीही गायली. आमच्या भागात एका घरातून दुसऱ्या घरात गाणं असंच भिंत ओलांडून येतं. पण ड्रमरचं म्हणणं वेगळं, आणि तेही खोटं नाही: जी पोरं रॉक ऐकतात त्यांच्यापर्यंत आम्ही पोचणारच नसू, तर वाजवायचं कुणासाठी?

याच काळात माझ्या निपाणीच्या मामाने आमचं गाणं कॉलर ट्यून म्हणून लावलं. तुकडा नेमका ड्रम आणि करकरीचा मिळाला. दोन दिवस लोक फोन लावायचे नि ठेवून द्यायचे. तंबाखूच्या व्यवहारातल्या एका जुन्या माणसाने तर घरी येऊन सांगितलं, "तुमचा फोन फाटलाय." मामाने ट्यून काढली नाही, हे मला विशेष वाटतं.

आता शहरांची यादी. ऐकणाऱ्यांची शहरं ॲप दाखवतं आणि आमच्या यादीत सगळ्यात वर बेंगळुरू, मग पुणे, मग मुंबई. बेळगाव कुठेतरी खाली. आम्ही चक्रावलो, कारण सुरुवातीच्या ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना आम्ही नावाने ओळखत होतो आणि ते खासबाग, अनगोळ, टिळकवाडीत राहतात. मग आईच्या फोनवर हवामानाची साइट उघडली तर तिने बेंगळुरूचं हवामान दाखवलं. मोबाइलच्या इंटरनेटचा पत्ता पुष्कळदा असा सर्कलच्या, म्हणजे सिम ज्या विभागातलं त्याच्या, मोठ्या शहरावर निघतो. ज्यांच्या घरी ब्रॉडबँड आहे तेवढेच बेळगावचे ठरले. निपाणीच्या मामाकडे कागलहून घेतलेलं महाराष्ट्राचं सिम, कोगनोळीचा नाका ओलांडायचं रोजचं काम म्हणून. बहुतेक तो पुणे-मुंबईत धरला गेला. सीमाभागाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. इथे मात्र निकाल लागला, थोडं बेळगाव बेंगळुरूला, थोडी निपाणी महाराष्ट्राला. अर्थात पुण्याच्या आकड्यात खरे पुण्याचेही आहेतच. आमच्या शाळेची अर्धी बॅच तिकडे नोकरीला आहे.

यातून तोटा असा होतो की आपल्या गावात आपण किती ऐकले जातो हे दाखवायला कागद नाही. इथल्या एका हॉलवाल्याने कार्यक्रमासाठी आकडे मागितले, तर दाखवायला होतं ते बेंगळुरू. त्याने विचारलं, मग तिकडेच का करत नाही? उत्तर नव्हतं. शेवटी यूट्यूबखालच्या प्रतिक्रिया वाचून दाखवल्या, ज्यात दर चौथी ओळ "आपल्या बेळगावची पोरं" अशी. त्यावर तो तयार झाला. खरं तर आमच्याकडे ऐकणारी जनता जास्त यूट्यूबवरच आहे, पण इंडी बँडची इभ्रत मात्र स्पॉटिफायच्या 'मंथली लिसनर्स'वर ठरते, आणि तो आकडा म्हणजे गेल्या २८ दिवसांतली वेगवेगळी माणसं. मावशीने दिवसभर लावलं तरी मावशी एकच.

त्या आकड्याच्या हव्यासाने माणसं काय करतात तेही कळलं. गाणं आल्यापासून इन्स्टाग्रामवर अनोळखी खाती यायला लागली: इतक्या रुपयांत दहा हजार स्ट्रीम. दुसरा गिटारवाला क्षणभर पाघळला होता. पण २०२४ पासून स्पॉटिफाय उघडउघड खोट्या स्ट्रीमसाठी वितरकाला दंड लावतं आणि वितरक तो कलाकाराच्या माथी मारू शकतो. गाणं काढलं जातं ते वेगळंच. त्याला ते दाखवल्यावर तो गप्प बसला.

पैशाचं थोडक्यात. २०२४ पासूनच नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत एक हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याला रॉयल्टी नाही. आम्ही तो उंबरा ओलांडला, भजनी मंडळाच्या कृपेने. दर स्ट्रीमला ठरलेला भाव असं काही नसतं. जमा झालेल्या रकमेतून ज्याच्या वाट्याला जितके स्ट्रीम त्या प्रमाणात वाटप होतं, आणि भारतातली वर्गणीच स्वस्त म्हणून वाटाही बारीक. हिशेब दोनतीन महिने उशिरा येतो. वितरक अमेरिकेतला, म्हणून कराचा फॉर्म भरला, त्यात पॅन टाकला. काढता येईल एवढी रक्कम अजून साठलेली नाही. आकडा लिहीत नाही, बेसवाल्याच्या आजीने विचारला होता आणि ऐकून ती बराच वेळ हसत होती.

अलीकडे थोडा फरक पडलाय. नाशिककडच्या कुणीतरी मराठी इंडी गाण्यांची प्लेलिस्ट केली आहे, त्यात आम्हाला घेतलं. ती ऐकणारी पोरं वेगळी. 'हेही आवडतं'च्या कप्प्यात आता दोन हिंदी बँड शिरलेत. अभंगवालेही जागा सोडायला तयार नाहीत. म्हणजे आमच्या पानावर सध्या टाळ नि डिस्टॉर्शनची करकर एकत्र नांदतेय, आणि ड्रमर आता पहिल्याइतका चिडत नाही.

दुसरं गाणं तयार आहे. यात एक कडवं कन्नड, दुसऱ्या गिटारवाल्याने लिहिलेलं, आणि ते आमच्या तिघांच्या मराठीपेक्षा सरस उतरलंय. भाषेचा रकाना मात्र एकच. धृपद मराठीत, म्हणून मराठी लिहिलं. पूर्ण कन्नड आवृत्ती वेगळी चढवणार, तिचा आयएसआरसी वेगळा, तिची शेजारीण मंडळी कोण असतील ते बघू. या वेळी ड्रमर अडून बसलाय: लिंक आधी कॉलेजच्या पोरांना, नाशिकच्या प्लेलिस्टवाल्याला, कोल्हापूरच्या बँडवाल्यांना, आणि घरच्यांना पंधरा दिवसांनी. बहुमताने मंजूर झालं. मावशीचा कालच फोन येऊन गेला, "शुक्रवारी येतंय ना? मंडळात सांगून ठेवलंय." तिला नाही म्हणायचं काम ड्रमरवरच सोपवलंय, कारण ठराव त्याचा, आणि मावशी त्याला जेवायला वाढते तेव्हा तरी ओरडत नाही.